रहाट, हंडा, नळ आणि पिंप : पेण-रोह्याच्या घरातल्या पाण्याची गोष्ट

एप्रिल-मे महिन्यात पेणच्या खारेपाटातून येणाऱ्या बायकांच्या तक्रारी जवळजवळ ठरलेल्या असतात. लघवीला जळजळ, ओटीपोटात दुखणे, कधी थंडी वाजून ताप. मागच्या उन्हाळ्यात अशाच एक ताई तिसऱ्यांदा आल्या. वय तिशीच्या आसपास. तिसऱ्यांदा तेच दुखणे, म्हणजे औषध बदलण्याआधी जरा बसून बोलायला हवे. मी विचारले, "दिवसाला पाणी किती पिता?"

त्या हसल्या. "टँकर चार दिवसांनी येतो, डॉक्टर. आधी पोरांना, मग म्हशीला, मग रांधायला. उरलं तर मी."

आपण डॉक्टर मंडळी "भरपूर पाणी प्या" हे वाक्य इतक्या सहज लिहून देतो, की ते पाणी कोण आणणार, कुठून आणणार, हे विचारायचे राहूनच जाते. म्हणून आज औषधांबद्दल न लिहिता पाण्याबद्दल लिहितो. आपल्या पेण-रोह्याच्या घरांमध्ये गेल्या शंभर वर्षांत पाणी कसे आले, किती वापरले गेले, आणि पाण्याची वाट बदलली तसतसे आजार कसे बदलले, याबद्दल.

आधी एक विचित्र गोष्ट लक्षात घ्या. आपल्या भागात वर्षाला सरासरी तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. मराठवाड्यातल्या माणसाला हा आकडा सांगितला तर तो म्हणेल, मग तुम्हांला कसली आली टंचाई? पण हा सगळा पाऊस चार महिन्यांत कोसळतो, सह्याद्रीच्या उतारावरून धावत सुटतो आणि पाहता पाहता खाडीला मिळतो. खाली काळा कातळ, त्यात पाणी मुरायला जागा थोडी. धरमतरच्या खाडीकाठच्या गावांत तर जमिनीखाली आहे तेही खारट. बांध घालून समुद्राकडून मिळवलेली ही जमीन. तिथे विहीर खणली तर पावसाळ्यात गोड लागते, होळीपर्यंत मचूळ होते आणि त्यानंतर गुरेही तोंड लावत नाहीत.

त्यामुळे खारेपाटातल्या घराने पाणी जमिनीत शोधलेच नाही, ते आकाशातून घेतले. घरासमोर तळे. त्यात पावसाचे पाणी साठवायचे आणि वर्षभर पुरवायचे. भांडी त्यावरच, कपडे त्यावरच, गुरे त्यावरच. त्याच तळ्यात जिताडा पाळायचा आणि जावई आला की काढायचा. (जिताड्याच्या चवीबद्दल इथे लिहीत बसलो तर लेख भरकटेल.) पिण्याचे पाणी मात्र लांबच्या गोड्या विहिरीवरून किंवा डोंगराकडच्या गावातून आणायचे. म्हणजे एकाच घरात दोन प्रकारचे पाणी होते आणि कोणते कशाला वापरायचे याचे नियम घरातल्या लहान मुलालाही ठाऊक होते.

रोह्याकडची घरे वेगळी. माझे आजोळ तिकडचे. मागील दारी विहीर, तिच्यावर रहाट, शेजारी दगडी डोण. पहाटे रहाटाचा करकर आवाज सुरू झाला की समजायचे, आजी उठली. तांब्याचा बंब पेटायचा. आंघोळीला प्रत्येकाला एक घंगाळ, त्यातले अर्धे कढत आणि अर्धे गार. न्हाणीचे पाणी पन्हळीतून थेट अळवाच्या आणि केळीच्या वाफ्यात जायचे. भांडी राखेने घासली जायची आणि तीनदा विसळली जायची. शेवटच्या विसळणीचे पाणी पुढच्या फेरीच्या पहिल्या विसळणीला. आजीने आयुष्यात कधी 'पुनर्वापर' हा शब्द ऐकला नसेल. पोहरा ओढून तिचे खांदे दुखायचे, एवढे मात्र ती रोज सांगायची.

आता थोडा हिशेब करू. हंडा आणि कळशी मिळून एका खेपेला साधारण वीस लिटर पाणी येते. दिवसाला पाच खेपा केल्या तर शंभर लिटर. घरात पाच माणसे असतील तर माणशी वीस लिटर. त्यात पिणे, रांधणे, आंघोळ, कपडे, भांडी सगळे आले. पाणवठा दूर असेल तर खेपा कमी होतात आणि पहिली काट बसते ती आंघोळीला व कपड्यांना. आज केंद्र सरकारच्या जलजीवन मिशनचे उद्दिष्ट ग्रामीण भागात माणशी रोज ५५ लिटर आहे, आणि भुयारी गटार असलेल्या शहरांसाठी १३५ लिटर धरले जातात. आजीच्या काळातली बाई या आकड्यांना हसली असती. तरी तिच्या घरी विहीर दारात होती. ज्यांच्या दारात नव्हती त्यांचे काय?

या प्रश्नाचा अभ्यास भारताबाहेर फार चांगला झाला आहे. १९६०च्या दशकात गिल्बर्ट व्हाइट हे भूगोलतज्ज्ञ, अ‍ॅन व्हाइट आणि डेव्हिड ब्रॅडली हे डॉक्टर, अशा तिघांनी पूर्व आफ्रिकेत केनिया, युगांडा, टांझानियातल्या घरोघरी जाऊन पाणी मोजले. त्यांचे पुस्तक १९७२ साली आले. त्यातली एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. पाणवठा एक किलोमीटरवरून अर्ध्या किलोमीटरवर आणला तर घरातला वापर फारसा वाढत नाही. वापर उडी मारतो तो नळ घरात किंवा अंगणात आल्यावर. म्हणजे गावच्या चौकात एक नळकोंडाळे बसवून "गावाला पाणी दिले" असे म्हणणे खरे नाही. तीस वर्षांनी अभ्यासकांनी त्याच ठिकाणी जाऊन पुन्हा मोजणी केली. नळ असलेल्या घरांतला वापर जवळजवळ निम्म्यावर आला होता, कारण योजना मोडकळीस आल्या होत्या. नळ नसलेल्यांचा वापर जवळजवळ दुप्पट झाला होता. तेव्हा पाण्याचा वापर काळाबरोबर वाढतच जातो हा आपला समज काही खरा नाही.

याच ब्रॅडली यांनी पाण्याच्या आजारांची एक वाटणी केली. ती माझ्या रुग्णांना मी अजून सांगतो, कारण ती समजली की अर्धे काम होते. काही आजार घाण पाणी प्यायल्याने होतात. पटकी म्हणजे कॉलरा, विषमज्वर, कावीळ. काही आजार पाणी कमी पडल्याने होतात. हात धुतले नाहीत, अंग धुतले नाही, म्हणून खरूज, डोळ्यांच्या खुपऱ्या, आणि बरेचसे जुलाबसुद्धा. काही आजारांचे जंतू पाण्यातल्या जिवांच्या अंगात वाढतात, जसा नारू. आणि काही पाण्यावर वाढणाऱ्या डासांमुळे होतात. "पाणी शुद्ध हवे" हे आपण सगळे जाणतो, पण "पाणी पुरेसे हवे" हेही तितकेच वैद्यकीय सत्य आहे. खरजेच्या मलमाची नळी लिहून देताना घरात आठवड्याला किती वेळा अंथरूण-पांघरूण धुणे होऊ शकते, हे विचारल्याशिवाय ती नळी फुकट जाते.

नारू हा शब्द आजच्या तरुण वाचकांनी बहुधा ऐकलेला नसेल. पायऱ्यांच्या विहिरीत माणसे उतरून पाणी भरत. ज्याच्या पायावर नारूचा फोड असे त्याचा पाय पाण्यात बुडाला की जंताची पिल्ले पाण्यात सुटत, ती सूक्ष्म जलपिसवा गिळत, आणि ते पाणी जो पिई त्याच्या अंगात वर्षभराने हातभर लांबीचा दोऱ्यासारखा जंत तयार होई. तो बाहेर येताना काडीला गुंडाळून रोज थोडा थोडा ओढायचा. या रोगावर औषध नव्हते आणि लसही नव्हती. तो गेला तो पाणी गाळल्याने, आणि पायऱ्यांच्या विहिरी बंद करून रहाटाच्या विहिरी व हातपंप केल्याने. देशातला शेवटचा रुग्ण १९९६ साली राजस्थानात सापडला आणि २००० साली भारत नारूमुक्त जाहीर झाला. एका रोगाला केवळ पाणी भरण्याची पद्धत बदलून हद्दपार केल्याचे याहून चांगले उदाहरण मला माहीत नाही.

पाणी गाळण्याची सवय आपल्याकडे जुनीच. हंड्याच्या तोंडाला जुन्या लुगड्याची चौघडी घडी बांधायची. मी वैद्यकीय शिक्षण घेत असताना या घडीची थोडी चेष्टाच केली होती. जंतू काय फडक्यात अडकणार? पुढे २००३ साली रिटा कॉलवेल यांच्या गटाचा बांगलादेशातला अभ्यास प्रसिद्ध झाला. जुन्या सुती साडीच्या अनेक पदरांतून पाणी गाळणाऱ्या गावांत कॉलरा जवळजवळ निम्म्याने, ४८ टक्क्यांनी, कमी झाला होता. सुटा जंतू फडक्यातून निसटतो खरा, पण कॉलऱ्याचे बरेचसे जंतू पाण्यातल्या बारीक जिवांना चिकटून राहतात आणि ते जीव मात्र अडकतात. साडी जुनीच हवी, कारण धुवून धुवून तिचे धागे फुगतात आणि भोके बारीक होतात. मी आजीची क्षमा मागितली, अर्थात ती गेल्यावर. (गाळलेले पाणी उकळायचे नाही असा याचा अर्थ कोणी काढू नये. फडके कॉलरा निम्मा करते, शून्य नाही.)

तळ्याच्या पाण्याचा आणि कॉलऱ्याचा संबंधही आपल्याच देशात दिसला. रॉबर्ट कॉख १८८४ साली कलकत्त्यात होते, तेव्हा ज्या तळ्यावर लोक आंघोळ, धुणे आणि पिणे सगळेच करत, त्या तळ्याच्या पाण्यात त्यांना तो स्वल्पविरामासारखा जंतू सापडला. खारेपाटातल्या आज्यांनी पिण्याचे पाणी घरच्या तळ्यातून न घेता लांबून आणण्याचा जो त्रास काढला, त्यामागे सूक्ष्मदर्शक नव्हता, पण अनुभव होता.

लांबून आणायचे म्हटले तरी ते प्रत्येकाला आणू दिले जात होते का? या जिल्ह्याच्या पाण्याचा इतिहास महाड वगळून सांगताच येणार नाही. १९२३ साली सीताराम केशव बोले यांच्या ठरावाने मुंबई विधिमंडळाने सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करावेत असे म्हटले. महाड नगरपालिकेने १९२४ मध्ये चवदार तळे खुले केल्याचा ठरावही केला. कागदावर तळे खुले झाले, प्रत्यक्षात नाही. २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर हजारो लोकांसह तळ्यावर गेले आणि त्यांनी ओंजळीने पाणी प्यायले. त्यानंतर मारहाण झाली, तळ्याचे 'शुद्धीकरण' झाले, खटला झाला आणि उच्च न्यायालयाचा अंतिम निकाल यायला १९३७ साल उजाडले. दहा वर्षे! हा लढा माणुसकीचा होता हे आपण शाळेत शिकतो, आणि ते खरेच आहे. डॉक्टर म्हणून मला त्यात आणखी एक गोष्ट दिसते. ज्या वस्तीला गावच्या तळ्यावर आणि विहिरीवर जायची बंदी होती, तिथल्या माणशी लिटरांचा हिशेब काय असेल? खरूज, डोळे येणे, लेकरांचे जुलाब त्या वस्तीत जास्त असतील, तर ते 'अस्वच्छ सवयीं'मुळे नव्हे. पाणी नाकारायचे आणि मग मळके म्हणून नावे ठेवायची, असा तो प्रकार होता.

त्याच १९२७ साली आपल्या जिल्ह्यात पाण्याची आणखी एक मोठी घटना घडली, पण ती फारशी कोणाला आठवत नाही. टाटांचे भिरा येथील वीजकेंद्र सुरू झाले. मुळशीला मुळा नदी अडवून, सह्याद्रीच्या पोटातून बोगदा काढून ते पाणी कोकणात खाली सोडले गेले. त्या धरणासाठी मावळातली गावे बुडाली. त्याविरुद्ध सेनापती बापटांनी १९२१ ते १९२४ या काळात मुळशी सत्याग्रह केला होता. वीज मुंबईला गेली. आणि जनित्रांतून बाहेर पडलेले पाणी कुंडलिकेत आले. कोकणातल्या नद्या दिवाळीनंतर आटतात, पण कुंडलिका बारमाही झाली ती अशी. जे पाणी पुण्यावरून भीमेत, कृष्णेत आणि शेवटी बंगालच्या उपसागराला गेले असते, ते आज रोह्याच्या घरात भातात शिजते. कोलाडला सकाळी राफ्टिंगला येणाऱ्या मंडळींना नदी पहाटे का फुगते ते माहीत नसते. वरून वीजनिर्मितीचे पाणी सुटलेले असते.

डोलवहाळच्या बंधाऱ्यावरून कालवे निघाले, दुबार भातशेती आली, धाटावची औद्योगिक वसाहत आली, नळयोजना आल्या. धाटावच्या खालच्या अंगाला नदीचे काय झाले हा वेगळ्या लेखाचा विषय आहे. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या प्रदूषित नदीपट्ट्यांच्या यादीत कुंडलिकेचे नाव आलेले आहे, एवढेच इथे नोंदवतो.

मुंबईत विहार तलावाचे पाणी नळाने १८६० साली आले. आपल्याकडे खेडोपाडी त्यासाठी शंभराहून अधिक वर्षे जावी लागली. मध्यंतरी हातपंपाचा काळ आला. १९७२च्या दुष्काळानंतर महाराष्ट्रभर कूपनलिका खणल्या गेल्या. पुढे देशभर पोचलेल्या इंडिया मार्क दोन पंपाचे पूर्वज जालना आणि सोलापूरचे, हे आपल्यापैकी किती जणांना ठाऊक आहे? हातपंपाचे पाणी झाकलेले, म्हणून जंतूंच्या दृष्टीने तळ्यापेक्षा कितीतरी बरे. खारेपाटात मात्र तोही खाराच निघाला.

नळ आले आणि पटकी मागे हटली. ग्रामपंचायतीत टीसीएल पावडरचे पोते आले, पाण्यात क्लोरीन उरले आहे की नाही हे पाहणारी ओटी चाचणी आली. पण नळ चोवीस तास आले नाहीत. दिवसाआड, तासभर, कधी पहाटे चारला. मग घरोघरी पिंपे आली. दोनशे लिटरचे निळे पिंप मोरीत, अंगणात, गच्चीवर. आणि पिंपाबरोबर डेंग्यू आला. हा डास गटारात वाढत नाही. त्याला आपले स्वच्छ, साठवलेले, संथ पाणी लागते. मादी पाण्याच्या कडेला भांड्याच्या भिंतीवर अंडी चिकटवते. पिंप रिकामे केले तरी ती अंडी कोरडी राहून महिनोन् महिने टिकतात आणि पुन्हा पाणी भरले की आठ-दहा दिवसांत डास तयार. म्हणून आरोग्यसेविका "कोरडा दिवस पाळा" म्हणते तेव्हा नुसते पाणी ओतून चालत नाही, पिंप आतून काथ्याने घासावे लागते. रहाटाच्या घरात पाणी रोज ताजे ओढले जाई आणि पिंप भरून ठेवायची वेळच येत नसे. खांदेदुखी गेली, प्लेटलेट मोजायची वेळ आली.

शौचालयाचेही तसेच. ते व्हायलाच हवे होते, आणि झाले हे फार चांगले झाले. पण नळ यायच्या आधी शौचालय आले त्या घरात ओतायचे पाणी बाईच्याच डोक्यावरून आले. शोषखड्डा विहिरीपासून निदान पन्नास फूट दूर हवा. दाट वस्तीत तेवढी जागा नसते, आणि मग पावसाळ्यात एकाच आळीतले पाच-सहा काविळीचे रुग्ण माझ्याकडे एका आठवड्यात येतात.

सुखवस्तू घरांत याच्या उलट गंमत चालू आहे. धरणाचे मऊ पाणी नळाला येते, ज्यात क्षार मुळातच कमी, आणि तरी स्वयंपाकघरात आरओ यंत्र. ते एक लिटर पाणी देताना दोन-तीन लिटर मोरीत सोडते. टीडीएस ५०० पेक्षा कमी असेल तिथे आरओवर बंदी घालावी, असा आदेश राष्ट्रीय हरित लवादाने २०१९ मध्ये दिला होता. माझ्याकडे येऊन "कोणते यंत्र घेऊ" विचारणाऱ्यांना मी आधी पाणी तपासून आणायला सांगतो. बहुतेकांचे काम साधे गाळणे आणि उकळणे यावर भागते. पाण्याला खळखळून उकळी फुटली की मिनिटभर ठेवा, पुरे.

आरओची खरी गरज आहे ती खारेपाटाला. मचूळ पाणी नुसते बेचव नसते. बांगलादेशच्या किनाऱ्यावर डाकोप भागात झालेल्या अभ्यासात, खारट पाणी पिणाऱ्या गर्भवतींमध्ये रक्तदाब वाढण्याचा आणि झटक्यांच्या आधीच्या अवस्थेचा संबंध दिसून आला. म्हणून उन्हाळ्यात खारेपाटातली गर्भवती आली की मी जेवणातल्या मिठाबरोबर पाण्याच्या चवीबद्दलही विचारतो, आणि रक्तदाब दोनदा मोजतो. पेण तालुक्यातच हेटवणे धरण आहे. त्याचे पाणी मोठ्या नळांतून नवी मुंबईकडे जाते. शहापाड्याच्या योजनेवर अवलंबून असलेल्या खारेपाटातल्या गावांत उन्हाळ्यात टँकर जातो. हंडामोर्चे निघतात, बातम्या येतात, आश्वासने मिळतात, पाऊस पडतो आणि विषय संपतो.

त्या ताईंना मी काय सांगितले? जंतुनाशक गोळ्यांचा कोर्स पूर्ण करा, अर्धवट सोडू नका. लघवी दाबून धरू नका. तहान लागेपर्यंत थांबू नका, घरातल्या बाकीच्यांना पाणी देताना आपलाही एक तांब्या आधी भरून बाजूला ठेवा. शेवटचे वाक्य मी त्यांच्या नवऱ्याकडे पाहून म्हटले. तो मान खाली घालून बसला होता.

जूनच्या शेवटी त्या पुन्हा आल्या. लघवीची तक्रार नव्हती. पाऊस जोरात सुरू झाला होता, पागोळ्यांखाली सहा पिंपे लावली आहेत, आता पाण्याला तोटा नाही, असे आनंदाने सांगत होत्या. कडेवर धाकटा होता. त्याला तीन दिवसांपासून ताप, डोळ्यांच्या मागे दुखतंय म्हणत होता. मी रक्ताची तपासणी लिहून दिली आणि विचारले, "पिंपांना झाकणं आहेत का?"